पाळलेला मंगळवार

लेआउटच्या नकाशात जिथं हिरवा रंग भरून 'लहान मुलांसाठी उद्यान' असं छापलेलं होतं, त्या मोकळ्या तुकड्यात पहिली जी वस्तू उभी राहिली ती घसरगुंडी नव्हती. एका सकाळी फॉरेस्टची जीप आली, खाकीतली दोन माणसं उतरली, त्यांनी खड्डे खणले, दोन लोखंडी पाय पुरून वर पिवळा बोर्ड ठोकला आणि हात झटकून निघून गेली. माधवी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डाळ धुता धुता हे बघत होती, आणि झोपाळ्याचे खांब आले म्हणून मनातून सुखावतही होती. मूर्खासारखी, असं तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा म्हटलं. सौम्या पळत जाऊन बोर्ड वाचून आली. सहा वर्षांची पोर, शाळेत नुकतीच कन्नड अक्षरं जोडायला लागलेली. दिसेल ती पाटी वाचायची तिला भारी हौस. "आई, चिरते हाय म्हणून लिहिलंय गं. चित्र बी हाय. जीभ भाईर काढलेलं." चिरते म्हणजे बिबट्या, हे बेळगावच्या वडगावात जन्म काढलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. बाजारात, रेशनच्या दुकानात, बँकेत निम्मं कन्नड बोलूनच तिचं आयुष्य गेलेलं. पण हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नव्हता. ते टीव्हीतल्या जनावराचं नाव होतं. आता ते तिच्या खिडकीसमोर, हाकेच्या अंतरावर, सरकारी शिक्क्यासकट उभं होतं. डाळीचं पाणी भांड्यातून सांडून तिच्या पायावर गेलं. लेक उत्तराची वाट बघत उभी होती, आणि माधवीला तिचा, तिच्या त्या खणखणीत वाचण्याचा, एकाएकी राग आला. "गप आत ये," एवढंच ती बोलली.

तिनं नवऱ्याला, सूरजला फोन लावला. तो उद्यमबागेत एका मशिनशॉपमध्ये सुपरवायझर होता. फोन घेतला की आधी यंत्रांचा खणखणाट ऐकू यायचा, मग तो. "अहो, समोर बिबट्याचा बोर्ड लावलाय." "मग बरंच झालं की. सरकार लक्ष द्यायलंय म्हणायचं." "काय बरं झालं? इथं बिबट्या हाय म्हणून लिहिलंय!" "पुढं शाळा हाय, गाडी सावकाश चालवा, असा बोर्ड असतोय न्हवं? तसलाच ह्यो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, माधवी. डबा खाऊ दे मला." आणि तो हसला. हे हसणं तिला पाठ होतं. घर बघायला पहिल्यांदा आणलं तेव्हा तो असाच हसला होता, डोंगराकडं हात करून, जणू डोंगरही रजिस्टर करून दिलाय. बेळगावहून उचगावच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला हा लेआउट. नाव वनश्री. सिमेंटचे रस्ते आधी झालेले, घरं मागाहून उगवतायत. बऱ्याचशा प्लॉटांत अजून नुसतं गवत आणि हद्दीचे दगड. मागं नाला, नाल्यापलीकडं ऊस, उसापलीकडं डोंगर. "फ्रेश हवा," सूरज म्हणाला होता, छाती फुगवून. हवा होती खरी. तिला ती अंगावर आलेली आठवते. कुणाच्याही श्वासातून न आलेली, कशालाच न घासलेली हवा. तिच्या अंगावर शहारा आला होता आणि सूरजला वाटलं तिला आवडली.

वडगावच्या घरात हवा अशी कधी नव्हतीच. खाली यंत्रमाग, वर माणसं. सासरे मल्लाप्पा पहाटे बटण दाबायचे, आणि मग पार दिवे लागेपर्यंत जमीन, भिंती, ताटं, पाळणा सगळं एका ठेक्यात हलायचं. माहेरच्या गल्लीतही माग होते, पण असे पायाखाली नव्हते; लग्न होऊन आली तेव्हा सुरुवातीला तिला बोलताना ओरडावं लागायचं. मग सवय झाली, इतकी की माग थांबला तर जाग यायची. सुताच्या कांड्या भरायचं काम बायकांचं. सासू इंदुताई आणि ती समोरासमोर बसून कांड्या भरायच्या, आणि एकमेकींशी न बोलण्याला तो आवाज फार उपयोगी पडायचा. सौम्या त्या आवाजात जन्मली, त्यातच झोपली, त्यातच चालायला लागली. धाकट्या साईराजचं मात्र पहिल्या थंडीपासूनच बिनसलं. सुताचा बारीक धुरळा त्या घरात कायम उडायचा. डोक्यावर, पापण्यांवर, दुधाच्या सायीवर. पोरगं खोकायला लागलं की थांबायचंच नाही, बरगड्या आत ओढल्या जायच्या, ओठांचा रंग बदलायचा, आणि माधवी त्याला खांद्यावर टाकून गच्चीवर पळायची. डॉक्टर म्हणाले, औषधं देतो, पण घर तेच ठेवून काय उपयोग. इंदुताईंनी हे ऐकलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. "ह्याच धुरळ्यात माझी चार पोरं वाढली," त्या म्हणाल्या, "आमच्या घरात आताच कुनाचा जीव गुदमराय लागला." निघायच्या दिवशी त्यांनी साईराजचा पापा घेतला, सौम्याच्या हातात खाऊ दिला, आणि माधवीकडं बघितलंच नाही. आता फोनवर त्या फक्त नातवंडांशी बोलतात. पण परवा मागून त्यांचा आवाज आला होता, मुद्दाम ऐकू यावा असा: "काय गं सौम्या, हवा कशी हाय म्हणं तिथली?"

हवा चांगली होती. तेच तर दुखणं होतं. इथं आल्यापासून साईराज एकदाही तसा खोकला नाही. गाल भरले, भूक वाढली, मांड्यांवर वळ्या आल्या. माधवी त्याला न्हाऊ घालताना त्याच्या छातीला कान लावायची आणि आत काही वाजत नाही हे ऐकून तिला हायसं वाटायचं, आणि त्याच क्षणी कोंडल्यासारखंही. आता परत जायचं नाव काढायला तोंड नव्हतं. आगीतून निघून फुफाट्यात पडलं तरी माणसाला ओरडता येतं. पण ज्या फुफाट्यात आपलं पोर बाळसं धरायला लागलंय तिथं ओरडायचं कसं? मग ती मनातल्या मनात ओरडायची. दुपारी लेआउट इतका गप्प व्हायचा की स्वतःच्या कानातलं रक्त वाजावं. गवतातून काही सरकलं, नाल्यात दगड घरंगळला, टिटवी ओरडली, की ती हातातलं टाकून पोरं कुठं आहेत ते बघायची. या जागेचं आपल्याशी वैर आहे असं तिला वाटायचं. जागा बघत असते. तिला आपण नको आहोत आणि ती ते लपवतही नाही. खिडकीच्या जाळीबाहेर लोंबणाऱ्या हिरव्या वेलाचासुद्धा तिला संताप यायचा. रोज कापला तरी तो रोज बोटभर आत शिरायचा.

तशात शालूबाई. सकाळी दुधाची किटली घेऊन यायची, साठीची, कडक, काष्ट्याचं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू. ज्या जमिनीवर हा लेआउट उभा होता त्यातला बराच तुकडा तिच्या नवऱ्याचा, मष्णूचा. तिला न विचारता त्यानं तो दिला होता आणि तिनं नवऱ्याला एकवेळ माफ केलं असेल, घेणाऱ्यांना केलं नव्हतं. दूध ओतताना ती कधी वर बघायची नाही. बोर्ड लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी माधवीनं विचारलं, "आक्का, खरंच हाय काय हो इथं बिबट्या?" शालूबाईनं किटलीचं झाकण लावलं. "त्यो काय आज आलाय व्हय? आमचा ऊस उभा हुता तवा उसात ऱ्हायचा. आता ऊस तुटला, त्यानं जायचं कुटं? त्येची वाट ह्येच. तुजं घर वाटंवर हाय, त्येला त्यो काय करील?" "पण लहान पोरं हाईत आमची." "आमची न्हवती? आमी काय बोर्ड लावलं न्हाई." मग जाताना, पायरी उतरता उतरता, साईराजच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर कडाकडा मोडली आणि म्हणाली, "गुटगुटीत झालंय." माधवीनं तिची पाठ वळताच त्याला आत ओढलं आणि मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. असले प्रकार ती वडगावला कधी करत नव्हती; इंदुताई करायच्या आणि ही नाक मुरडायची.

शाळेला सुट्टी लागली आणि घराचा कोंडवाडा झाला. माधवीनं पोरांना अंगणातही सोडायचं बंद केलं. लेआउटच्या ग्रुपवर रोज काहीतरी यायचं: कुणाला ठसा दिसला, कुणाचं कुत्रं नाहीसं झालं, कुणी कोगनोळीकडच्या उसातला जुनाच व्हिडिओ इथला म्हणून टाकला. खोटं आहे हे कळूनही ती तो पुन्हा पुन्हा बघायची. उन्हाळा तापत होता, सिमेंटचं छत वरून आग ओतत होतं, आणि आत दोन पोरं भिंतींवर आदळत होती. सौम्या रडायची, वडगावला सोड म्हणायची, तिथं गल्लीत सगळी हाईत. साईराज दाराशी बसून दाराला लाथा मारायचा. दिवस कलता कलता माधवीच्या डोक्याची शीर उडायला लागायची आणि तिच्या मनात असे विचार यायचे की ते कुणाला सांगता आले नसते. येऊ दे एकदाचा. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे. मग ती दचकून त्या विचाराचं तोंड दाबायची, देव्हाऱ्यापुढं जाऊन उभी राहायची. शिक्षा म्हणून की काय, ती मनात तालीम करायची: तो आला, असा नाल्यातून वर आला, मुलं अंगणात आहेत, मी पळतेय, डाव्या काखेत साईराज, उजव्या हाताला सौम्या, दोघांना घेऊन मी आत. कधी तो झेप घ्यायचा आणि ती मुलांवर पालथी पडायची, नखं तिच्या पाठीत जायची. मुलं खाली सुखरूप. तालमीत ती कधी चुकली नाही. स्वतःच्या आईपणावर तिचा तेवढा विश्वास होता. त्या एका गोष्टीवर तर ती उभी होती. बाकी तिला कुणी चांगली सून म्हटलं नव्हतं, चांगली बायकोही सूरज सणासुदीलाच म्हणायचा.

सोमवारी शालूबाई दूध घालायला आली ती घाईत होती. "उद्या दूध न्हाई. वार हाय," ती म्हणाली. "लक्ष्मीची जत्रा हाय औंदा गावात, कितीतरी वर्सांनी. मंगळवार पाळायलेत. शिवारात कोन बी यायचं न्हाई." वार म्हटल्याबरोबर माधवीचा चेहराच बदलला. "आमच्यात बी पाळतात की हो, आक्का! मंगाईदेवीचे. माग बंद, दळण बंद, सगळं बंद." शालूबाईनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं. "वडगावची व्हय तू? मग तुला काय सांगायचं." आणि गेली. तेवढ्या एका वाक्यानं माधवीला किती दिवसांनी कुणीतरी आपल्यात घेतल्यासारखं झालं. भाड्याच्या भांड्यासारखी ती या जागेत ठेवलेली होती. आता निदान एक ओळख निघाली. सूरजला संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, "अजून पाळतात काय हे लोक?" ती ताटं मांडायला उठली. उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि तिला ते सुख मोडायचं नव्हतं.

वाराचा दिवस म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. वडगावात जत्रेआधी देवीचे वार लागले की त्या दिवशी मल्लाप्पा बटणाला हात लावायचे नाहीत. गल्लीतल्या एकूण एक घरातले माग गप्प. माणसं आपला आवाज पहिल्यांदाच ऐकतायत अशी हळू बोलायची. शेजारच्या गुणाबाईंच्या घरातला कुकरसुद्धा ऐकू यायचा. आणि पोरं! एरवी मागाच्या धोट्याच्या, पट्ट्याच्या भीतीनं वर कोंडलेली पोरं त्या दिवशी मोकळी सुटायची. दारं सताड उघडी, बाया उंबऱ्यावर, गल्लीभर पोरं, कुणी कुणावर लक्ष ठेवायचं नाही कारण सगळंच थांबलेलं. ज्यानं इजा व्हावी असं काही चालूच नसायचं. माधवी लहान होती तेव्हा तिच्या आईनं वर्षभरात फक्त त्याच दिवसांत तिची वेणी सावकाश घातली असेल. शांतता म्हणजे वार आणि वार म्हणजे भीती नाही, हे तिच्या हाडात असं मुरलेलं होतं. म्हणून मंगळवारी सकाळी तिला जाग आली आणि शेजारच्या प्लॉटवर मंजुश्रीच्या नव्या घराचं बांधकाम चालायचं तिथला मिक्सर वाजत नव्हता, शिवारातून ट्रॅक्टर नाही, पंप नाही, कुणाची बैलांना हाक नाही, तेव्हा एरवी तिला खाऊन टाकणारी ती शांतता तिला चक्क ओळखीची वाटली. गावानं गवंड्यांनाही वार पाळायला लावला होता. तिनं दार उघडलं. खिडक्या उघडल्या. सौम्यानं विचारलं, "जाऊ भाईर?" आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "जा. आज वार हाय."

मंजुश्रीच्या बांधकामाची वाळू रस्त्याच्या कडेला पडली होती. गवंडी असले की पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. आज ती त्यांचीच. साईराज चमचा घेऊन बसला. सौम्यानं खोपा केला, मोडला, पुन्हा केला. माधवी पायरीवर बसून लसूण सोलत होती. ऊन चढलं होतं पण पायरीवर सावली होती, आणि तिला वाटलं, असं असेल तर राहता येईल इथं. पहिल्यांदाच वाटलं. डोळे मिटत होते. सौम्या पाणी प्यायला आली, घटाघटा प्याली, पायरीवर तिच्याजवळच टेकली आणि लसणाच्या साली फुंकरीनं उडवायला लागली. टिटव्या ओरडत होत्या, कधीपासून ते माधवीच्या ध्यानात नव्हतं. मग तिनं मान वर केली आणि तो रस्त्यानं येत होता. गवतातून नाही, दबा धरून नाही. सिमेंटच्या रस्त्याच्या अगदी मधोमध, घरमालक चार घरं बघायला निघावा तसा सावकाश, खांदे खालीवर करत. चित्रातल्यापेक्षा तो फिकट होता आणि लांब होता. जीभ बाहेर नव्हती. साईराज त्याच्याकडं पाठ करून वाळूत चमचा खुपसत होता.

यानंतरचं तिला नीट आठवतं. आठवत नाही असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. तिच्या हातानं सौम्याचा दंड धरला, तिला उचललं नाही, फरपटलं. पायांनी उंबरा ओलांडला. पाठीनं दार ढकललं आणि त्याच हातानं वरची कडी घातली. कडी बसल्याचा आवाज झाला. मग ती खिडकीशी गेली. ओरडली नाही. साईराजला हाक मारली नाही. हाक मारली तर तो पळेल आणि पळालं तर जनावर मागं लागतं असं काही तिच्या डोक्यात होतं का? नव्हतं. ते तिनं नंतर शोधून काढलं. तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं. एक गार, स्वच्छ, लाजिरवाणं हायसेपण होतं की आपल्यात आणि त्याच्यात आता सागवानी फळी आहे. तो वाळूशी थांबला. मान वळवून त्यानं पोराकडं बघितलं, जसं शालूबाई जाता जाता घराकडं बघायची तसं, ओळख न देता. साईराज काहीतरी गुणगुणत होता. मग बिबट्या पुढं निघाला, रस्ता संपला तिथून नाल्यात उतरला, आणि गवत हललं, आणि हलायचं थांबलं. माधवीनं कडी काढली तेव्हा तिची बोटं लसणाची चिकट होती. तिनं साईराजला उचललं तर तो हातपाय झाडून रडायला लागला, चमचा पडला म्हणून. त्यानं काही बघितलंच नव्हतं. सौम्यानंही बघितलं नव्हतं. खिडकी तिच्या डोक्यावर होती. ती दाराजवळच उभी होती, दंड चोळत, आणि आईकडं बघत होती. तिनं फक्त आईला बघितलं होतं.

दुपारी सगळा लेआउट जमला. ठसे निघाले, फोटो निघाले, जीप आली, पिंजरा लावायचं ठरलं. मंजुश्री माधवीच्या गळ्यात पडून रडली. गावातूनही माणसं आली, हद्दीच्या दगडांपर्यंतच, त्यांत शालूबाई. माधवी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. "तुमाला ठावं होतं. माझं पोर खाल्लं असतं त्यानं." शालूबाई तिला न्याहाळत राहिली. "मी सांगिटलं न्हाई? शिवारात कोन न्हाई म्हनून?" "त्याचा अर्थ..." "मानसं आत बसत्यात तवा त्यो भाईर पडतोय. दिवसाउजेडी. वाराचा दिस मानसाचा न्हवं गं, त्येंचा. आमच्यात बारकं पोर बी जानतंय. तू तर म्हनलीस, आमी बी पाळतो. मला वाटलं, हिला काय सांगायचं." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यात वाईट वाटल्याचंही काही नव्हतं. मग सौम्याकडं बघून तिनं विचारलं, "कुटं हुतीसा तुमी पोरं, त्यो आला तवा?" सौम्या म्हणाली, "मी आत होते." शालूबाईनं साईराजकडं बघितलं, माधवीकडं बघितलं, पदर सारखा केला आणि गावाकडं चालती झाली. ती बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर माधवीनं तिचे पाय धरले असते.

सूरज कामावरून तसाच पळत आला, डब्याची पिशवीसुद्धा विसरून. दोन्ही पोरांना छातीशी धरून बसला, रडला. आता तो हसत नव्हता. "तू होतीस म्हणून," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तू होतीस म्हणून गं." "साईराज कुठं होता तवा?" त्यानं विचारलं. "माझ्यापाशीच," माधवी म्हणाली. सौम्या बापाच्या शर्टाचं बटण फिरवत होती. ते फिरायचं थांबलं. तिनं मान वर केली नाही. बटण पुन्हा फिरायला लागलं. पोरीनं कांगावा केला असता, खोटं पाडलं असतं, तर कितीतरी सोपं होतं. सहा वर्षांच्या पोरीला आपल्यासाठी गप्प बसावं लागतंय, हे माधवीला बिबट्यापेक्षा भयंकर वाटलं. "चल," सूरज डोळे पुसत म्हणाला, "परत जाऊया वडगावला. आत्ता करतो बाबांना फोन. खोकल्याचं बघू काय ते. माझंच चुकलं." हेच वाक्य. या वाक्यासाठी ती उन्हाळाभर तरफडली होती, त्यातलं 'माझंच चुकलं' सुद्धा तिनं मनात कितीदा त्याच्या तोंडी घालून बघितलं होतं. आता ते तिच्यापुढं आलं आणि तिला त्याची चवच लागेना. वडगावला गेलं तरी सौम्या बरोबर येणारच होती. "राहू दे," ती म्हणाली. "पोराची छाती बरी हाय इथं." सूरज तिच्याकडं बघतच राहिला; केवढी धीराची आपली बायको, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि तिला ते तोंड ओरबाडावंसं वाटलं.

दिवस मावळायला आला तशी जीप निघून गेली. सूरज पिंजऱ्याच्या जागेवरच्या माणसांत जाऊन बोलत उभा होता. पोरं पायरीवर होती. माधवी दारात आली आणि नेहमीसारखं म्हणाली, "चला, आत या." साईराज उठून यायला लागला. सौम्या उठली, तिनं भावाला दोन्ही हातांनी पाठीत धरून उंबऱ्याच्या आत ढकललं, आत पार भिंतीपर्यंत नेऊन सोडलं, आणि परत येऊन दाराच्या फळीला पाठ लावून उभी राहिली. माधवीनं दाराकडं हात नेला. "तू नको," सौम्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. शाळेत बाई ज्या समजुतीच्या सुरात सांगतात तसा सूर होता. "पप्पा आले की मी लावते. सगळी आत आलेली बघून." "तुझा हात पुरत न्हाय गं वरच्या कडीला." "स्टूल घेते," ती म्हणाली. "तू जा आत, आई." माधवी आत गेली.